कांद्याच्या चाळीत पाचवी

मु. टेकवाडी, विंचूरजवळ
गुरुवार, मे २००३
(तारीख मुद्दाम घालत नाही. तारखेचा पुढं कोण कसा उपयोग करील सांगता येत नाही.)

वणीला गडाच्या पायथ्याशी राहून आम्हा सगळ्यांच्या वाटणीचं पुण्य एकट्यानं जमा करणारे आमचे थोरले साडूबुवा श्री. भिकनराव यांना धोंडीरामचा दंडवत. सुलाबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे मी, तुमची मेहुणी सिंधुबाई, चंदर, सूनबाई आणि नात सायली असे सगळे खुशाल आहोत, निदान आज सकाळपर्यंत होतो. तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही 'माझी तब्येत उत्तम आहे' असं लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याची तब्येत खरंच उत्तम असते तो माणूस असं आपण होऊन कशाला लिहील? तेव्हा जे काय असेल ते मोकळेपणानं कळवावं. सुलाबाईंनी पाठवलेल्या कुरडया पोचल्या. चांगल्या होत्या. दरवर्षीपेक्षा जास्त होत्या. का, ते मी सिंधुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, बहिणीनं बहिणीला कुरडया पाठवायला कारण लागत नाही. मी मनात नोंद केली.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या गावात एक मोठं प्रकरण शिजतं आहे आणि ते मी गावाबाहेरच्या, भरवशाच्या एका माणसाच्या कानावर घालून ठेवू इच्छितो. उद्या काही झालं तर धोंडीरामनं आधीच सांगितलं होतं असं म्हणणारा कोणीतरी पाहिजे. फोन केला असता, पण आमच्या इथल्या एसटीडी बूथवाल्याला काचेच्या पलीकडून ओठ वाचता येतात असा माझा अंदाज आहे. (एकदा मी नुसतं 'हॅलो' म्हणालो तर तो हसला होता.)

तर प्रकरण शाळेचं आहे. आमची जिल्हा परिषदेची शाळा तुम्ही पाहिलीच आहे, चंदरच्या लग्नात तुमचं बिऱ्हाड तिथंच उतरवलं होतं. दोन खोल्या, चौथीपर्यंत वर्ग. इतकी वर्षं ती शाळा गपगुमान चालू होती. गुरुजी यायचे, गुरुजी जायचे, पोरं काही शिकायची, काही नाही, कोणाची तक्रार नव्हती. दोन वर्षांपूर्वी सुरगाण्याकडचे हिरामण गावित नावाचे गुरुजी आले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. भिकनराव, हा माणूस रजा घेत नाही. मी सगळ्या प्रकारचे मास्तर बघितले आहेत: उशिरा येणारे, लवकर जाणारे, वर्गात घोरणारे. त्यांचं आपल्याला कळतं, कारण ते आपल्यासारखेच असतात. पण जो वेळेवर येतो, शाळा सुटल्यावरही थांबतो आणि वर पोरांच्या घरी जाऊन 'आज का नाही आला' असं विचारतो, त्याला नेमकं काय पाहिजे आहे? इतक्या लांबून डोंगरातून माणूस उतरतो तो काय आमच्या पोरांना पाढे शिकवायला? रविवारी बूथवरून तो त्याच्या आईशी बोलतो, ते त्यांच्या डोंगरातल्या बोलीत. मला त्यातलं अर्धं कळत नाही, आणि जे कळत नाही ते माझ्याविषयीच असतं अशी माझी खात्री आहे.

म्हणून मी लक्ष ठेवायचं ठरवलं. पहिल्यांदा, हा खरंच शिकवतो की नाही हे बघायला वर्गात जाऊन मागच्या भिंतीशी बसू लागलो. एकदा बसून काय कळणार, आपण असलो की कोणीही शिकवील, म्हणून रोज बसू लागलो. गुरुजींनी एक दिवस पोरांसमोर मलाच विचारलं, आबा, उन्हाळ कांद्याचं रोप किती दिवसांचं झालं की लावायचं? आता हे विचारल्यावर गप्प कोण बसेल. मी सांगितलं, मग वाफे कसे करायचे ते सांगितलं, मग फळ्यावर वाफा काढून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात बघतो तर वेळापत्रकात 'आजोबांचा तास' असं लिहिलेलं. मला न विचारता. मी तास घेणं बंद करणार होतो, पण बंद केलं तर आतलं काही कळायचा मार्गच राहत नाही. खिचडीचंही तसंच. हल्ली शाळेत दुपारी खिचडी शिजते, कुसाबाई शिजवते. त्यात काय घालतात, किती घालतात हे कोणीतरी खाऊन बघितलं पाहिजे. पहिल्या दिवशी मला मीठ कमी लागलं, दुसऱ्या दिवशी बरोबर होतं, म्हणजे मी खातो आहे हे बघून मीठ वाढवलं हे उघड आहे. तेव्हापासून मी वेळ ठरवून न देता अचानक जातो. (सिंधुबाई म्हणते, तुम्ही रोज बाराला जाता, अचानक कसलं. तिला तपासणीची रीत माहीत नाही.)

आता मुद्द्यावर येतो. सायली यंदा चौथी पास झाली, वर्गात पहिली आली. (पेपर मी स्वतः बघितले. खरंच पहिली आहे.) आमच्याकडे चौथीनंतर विंचूरला जावं लागतं, आणि तिकडं जायचं म्हणजे औरंगाबाद रोडच्या कडेनं चालत. कांद्याचे ट्रक कसे जातात ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं पोरगे जातात आणि पोरींचं शिक्षण चौथीलाच संपतं, आजवर तसंच चाललं आहे. चंदरनं सांगून टाकलं, 'रोडच्या कडंनं पोरगी पाठवायची नाय. चौथी झाली, लय झालं.' त्याचं मी चूक म्हणत नाही, तो बाप आहे. पण सायली त्या दिवसापासून दप्तर घेऊन ओट्यावर बसते. सुट्टी आहे, शाळा नाही, तरी दप्तर भरते, बसते आणि संध्याकाळी रिकामं करते. मला म्हणाली, आबा, पाचवी इथंच निघणार ना? मी म्हणालो, बघू. भिकनराव, मी कोणाला शब्द देत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण तो 'बघू' माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

कारण पाचवी निघू शकते. गावित गुरुजींनी संक्रांतीनंतर मारुतीच्या पारावर बैठक घेतली आणि सांगितलं, की वरच्या ऑफिसातून पाचवीचा वर्ग मिळेल, पण त्याला खोली पाहिजे, आणि ती खोली गावानं लोकसहभागातून उभी करून दाखवली तर काम लवकर होईल. विस्तार अधिकारी येऊन बघतील आणि शिक्का मारतील. लोकसहभाग हा शब्द ऐकल्याबरोबर सगळे जमिनीकडे बघू लागले, तसं ते बरोबरच होतं. पण तेवढ्यात आमचा शेजारी देवराम उठला आणि म्हणाला, 'पत्रे मी देतो.' एवढं बोलून खाली बसला.

देवराम कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला धोका कळेल. त्याची कांदा साठवायची चाळ आमच्या खळ्याला लागून आहे. कैक वर्षांपूर्वी त्यानं माझा फवारणीचा पंप उसना नेला होता. तो त्यानं मी मागायच्या आधी परत केला. शिवाय धुऊन, पुसून आणि नवीन वायसर घालून. मी तेव्हापासून त्याच्याशी बोललेलो नाही. उसना नेलेला पंप कोणी असा परत करतं का? त्या पंपानं त्यानं काय केलं होतं की एवढं धुवावं लागलं? सिंधुबाई म्हणते, औषध मारलं असेल. ती भोळी आहे. आणि आता हा देवराम शाळेला पत्रे देणार. त्याचा पोरगा नाशिकला कारखान्यात, नातवंडं तिकडं इंग्रजी शाळेत. टेकवाडीच्या शाळेत त्याचं चिटपाखरू नाही. मग त्याला शाळेचा एवढा पुळका कशापायी?

त्याचे पत्रे म्हटल्यावर मला मागं राहणं शक्य नव्हतं. मी तिथंच उठून सांगितलं, बांबू माझे. माझी जुनी चाळ होळीच्या आधी पाडून नवी बांधायचीच होती, तिचे बांबू, वासे, कामट्या सगळं चांगलं होतं. शिवाय यात माझा एक हिशेब होता. आपला माल जिथं लागलेला आहे तिथं आपण केव्हाही जाऊन उभं राहू शकतो, कोणी हटकू शकत नाही. मग शिक्षण समितीवर घेता का म्हणून त्यांनी विचारलं. नको म्हणालो असतो तर बाहेर ठेवल्यासारखं झालं असतं, म्हणून हो म्हणालो. पुढचे दोन-अडीच महिने मी सकाळी भाकरी बांधून जायचो ते दिवे लागल्यावर घरी यायचो. जोत्याचे दगड मोजून घ्यायचे, खिळे कोणाच्या खिशात जातात ते बघायचं, आणि नुसतं उभं राहून बघितलं तर लोक सावध होतात म्हणून हातात कुदळ धरायची. कुदळ धरली की ती चालवावी लागते. माझे दोन्ही तळहात सोलून निघाले, पण एक खिळा इकडचा तिकडं गेला नाही.

आता प्रकरणातला प्रकार ऐका. गुरुजींनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, खोली हवेशीर पाहिजे, खालून ओल यायला नको, उंदीर-घुशी शिरायला नकोत, पाऊस आत यायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कामाला लागले. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. जोतं दगडाचं, उंच, खालून वारा खेळायला मोकळं. लांबी भरपूर, रुंदी कमी. वाऱ्याच्या दिशेला आडवं तोंड. दोन्ही बाजूंना कामट्या, मधे बोट जाईल एवढी फट. वर पत्रे, पुढं आलेले, पावसाचा शिंतोडा बाहेरच राहील असे. तुमच्या वणीकडं द्राक्षं, टोमॅटो, तुम्हाला एकदम लक्षात यायचं नाही, पण आमच्याकडच्या कोणत्याही पोराला विचारा, हे काय आहे? कांद्याची चाळ आहे. उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायची एक नंबर चाळ. मला हे जोत्यापासूनच दिसत होतं. मी मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, किती पुढं जातात बघू.

ते शेवटपर्यंत गेले. सगळं बांधून झालं, नारळ फोडायला गुरुजी पुढं झाले आणि त्यांनी विचारलं, दार कुठं आहे? सगळ्यांनी खोलीला चक्कर मारली. दार नव्हतं. चाळीला दार नसतंच, बाजूच्या कामट्या काढून माल भरायचा आणि परत लावायच्या. नारळ बाहेरच फुटला. मग गुरुजींनी फळा आणला, तो लावायला भिंत नव्हती, चारी बाजूंनी फटी. तो तारेनं वाशाला टांगला. वारं आलं की फळा झुलतो, आणि पोरं मान हलवत गणितं वाचतात. गवंडी, सुतार, शेतकरी, झाडून सगळे डोकी खाजवत उभे. म्हणे हात आपोआप तसे चालले, दुसरं काही बांधायची सवयच नाही. सगळं गाव एकदम चुकतं यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसला नाही.

मी त्याच जागी उभं राहून सगळ्यांना स्पष्ट बोललो. म्हणालो, पत्रे देवरामचे, नमुना देवरामच्या चाळीचा, जागा शाळेची. सुट्टी लागली की पोरं घरी आणि देवरामचा कांदा वर्गात, असा हा बेत आहे, आणि दार नसलेली शाळा पोरांसाठी असते का कांद्यासाठी, हे प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं. देवराम घरी गेला, आपल्या गोठ्याचं दार उचकटून खांद्यावर घेऊन आला आणि एका बाजूच्या कामट्या कापून ते बसवून दिलं. दारावर बैलाच्या शिंगांचे ओरखडे आहेत. निर्दोष माणसानं काहीतरी उत्तर दिलं असतं. जो आरोप ऐकून नुसतं दार बसवतो, त्याच्या पोटात काय असेल?

तेव्हापासून मी पहारा ठेवून आहे. सुट्टी लागली, गुरुजी चार दिवस गावी जाऊन परत आले, देवरामचा कांदा त्याच्या स्वतःच्या चाळीत भरला. वर्गात त्यानं अजून एक पातसुद्धा आणलेली नाही. यावरून माझा संशय कमी झाला असं समजू नये. तो मी थकायची वाट बघतो आहे.

असो. पत्र लांबलं. सुलाबाईंना आणखी एकदा नमस्कार, कुरडयांचं कारण समजल्यास कळवावं, आणि तब्येतीचं खरं काय ते लिहावं. थोरांपुढे वाकलेला आणि बाकी सगळ्यांपुढे सावध असलेला,

आपला
धोंडीराम

ता. क. — एक बारीकसं काम राहिलं. तुमच्या बांबूच्या वखारीचा टेम्पो रविवारच्या आत विंचूरच्या बाजूला येणार असेल तर तो रिकामा आमच्याकडं पाठवावा. थोडा कांदा आहे, तो तुमच्या वखारीत एका कोपऱ्यात महिनाभर ठेवायचा आहे. कांदा माझा आहे. सध्या तो वर्गात आहे.

तुम्ही काही समज करून घेण्याआधी ऐका. नवी चाळ बांधायची होती ती राहूनच गेली, कारण मी दिवसभर शाळेच्या बांधकामावर लक्ष ठेवत होतो. कांदा काढला तेव्हा जुनी चाळ शाळेला गेलेली आणि नवी झालेली नाही. माल खळ्यात उघड्यावर, आणि वर रोज दुपारी ढग यायला लागले. मग माझ्या डोक्यात आलं, देवरामला आत कांदा आणायचा असेलच तर आधी आपला टाकून बघावा, म्हणजे तो आमिषाला कसा भुलतो ते कळेल. पंधरा दिवस झाले, तो भुलला नाही. उलट आता सोमवारी विस्तार अधिकारी खोली बघायला येणार असं गुरुजी सांगून गेले, आणि खोली माझ्या कांद्यानं छातीपर्यंत भरलेली आहे. साहेबांनी कांदा बघितला तर पाचवी गेलीच. गावातली गाडी मागावी तर सगळ्यांना कळेल. गुरुजींना सांगावं तर कोणत्या तोंडानं? चंदर माझ्याकडं बघत नाही. सिंधुबाई चहा आणून ठेवते, पण कप जरा जोरात ठेवते. काल सायली आपला नवा वर्ग बघायला गेली होती. दार उघडून बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारते, आबा, यांना पण पाचवीत घालायचं का? मला हसू आलं नाही, भिकनराव. टेम्पो नक्की पाठवा.

ता. क. दुसरा — आता टेम्पो पाठवू नका. हे पत्र अजून माझ्याच खिशात आहे. पोस्टात टाकणार होतो, पण पोस्टमन देवरामचा भाचा आहे हे पेटीपाशी गेल्यावर आठवलं. म्हणून शुक्रवारी विंचूरच्या स्टँडवर गेलो, म्हटलं वणीकडं जाणारा एखादा माणूस बघून त्याच्या हाती द्यावं. दिवसभर बसलो. एकाचाही चेहरा पटला नाही. संध्याकाळी पत्र घेऊन परत आलो, शाळेवरून गेलो, तर दार उघडं आणि खोली रिकामी. झाडलेली, सारवलेली, एका कोपऱ्यात तांब्या झाकून ठेवलेला. माझा एक कांदा जागेवर नाही. मी म्हणालो, झाली चोरी. शेवटी बाहेर पडलाच चोर.

रस्त्यानं कांद्याची टरफलं सांडत गेली होती, त्या मागावर गेलो. थेट देवरामच्या चाळीत. माझाच कांदा. मी तो ओळखतो, मीच लावला आहे. पण तो रचून कोंबलेला नव्हता, बेतानं पसरलेला, वारं लागेल असा. मग देवरामचा कुठं गेला म्हणून बघतो, तर तो बाहेर अंगणात, ताडपत्रीखाली. देवराम खाली बसून ताडपत्रीचं टोक दगडाला बांधत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, 'ये धोंडीराम. तुझा माल आत हाय. सडका तेवढा निवडून जनावरांपुढं टाकला.' इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलला आणि हे बोलला. मी विचारलं, कशापायी? तर म्हणतो, 'सोमवारी साहेब येणार हाय ना.' आणि परत गाठ बांधायला लागला. नंतर कळलं की गुरुजी, कुसाबाई, आमचा चंदर, आणि तुमची मेहुणीसुद्धा, सगळे दिवसभर टोपल्या वाहत होते. सिंधुबाईनं मला सकाळी विंचूरला जायची एवढी घाई का केली होती ते आता समजलं. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट झाला आणि मला सुगावा लागला नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा — सोमवारी साहेब आले. ऊन मी म्हणत होतं, शाळेच्या जुन्या खोल्यांत पाऊल ठेववत नव्हतं. साहेब नव्या खोलीत आले, वारं लागलं तसे खुर्चीवर टेकले, शर्टाचं वरचं बटण उघडलं, आणि उठायचं नाव घेईनात. झुलत्या फळ्याकडं जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, वर्ग हवेशीर आहे. मग वास घेतल्यासारखं केलं आणि खाली वाकून बाकाखालून एक कांदा उचलला. माझा. सायली खिडकीच्या, म्हणजे फटीच्या, बाहेर होती, तिचे डोळे मला दिसत होते. गावित गुरुजी शांतपणे म्हणाले, तो पाचवीच्या विज्ञानासाठी आहे सर, पाण्यात ठेवून मुळं दाखवायची आहेत. साहेबांनी कांदा फिरवून बघितला, माल चांगला आहे म्हणाले, आणि शिक्का मारला. हा मास्तर इतक्या सफाईनं खोटं बोलू शकतो हे मी लक्षात ठेवलं आहे. तो माझ्यासाठी बोलला हेही लक्षात ठेवलं आहे. सोळा जूनपासून पाचवी सुरू. सायलीनं आजपासूनच पहिल्या बाकावर दप्तर ठेवून जागा धरली आहे आणि चंदरनं तिला काही म्हटलं नाही.

संध्याकाळी मी सिंधुबाईला विचारलं, सगळं मान्य, पण देवरामचा यात फायदा काय? त्यानं स्वतःचा माल उघड्यावर काढला, तो उगाच कोणी काढत नाही. ती म्हणाली, त्याची सविता आठवते का? देवरामची थोरली. चौथीत पहिली आली होती, पुढं शाळा नाही म्हणून घरी बसली, सोळाव्या वर्षी मालेगावकडं दिली. मला हे माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत आहे. लग्नात मी जेवलो होतो. मी ते कधी या गोष्टीला जोडून बघितलं नव्हतं, एवढंच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हे पत्र गावित गुरुजींच्या हाती देतो आहे, ते आज सुरगाण्याला जाताना वणीवरून जाणार आहेत. पाकीट चिकटवलेलं नाही. घरातला डिंक संपला होता. त्यांनी वाटेत वाचलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून बघा आणि मला कळवा. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नका, मीठ त्यांना जरा बेतानं लागतं.

आता खरं काम. टेम्पो पाठवाच, पण रिकामा नको. चांगले वाळलेले बांबू आणि कामट्या भरून पाठवा, चाळीची एक बाजू वाढवता येईल एवढे. बाकीचं आपण दोघं भेटल्यावर बघू. माल आमच्याकडं उतरवू नका, देवरामच्या अंगणात, ताडपत्रीच्या शेजारी उतरवा. ढग दाटून येतात, उशीर करू नका. कोणी पाठवलं म्हणून तो विचारील, ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाव सांगायचं नाही. मीही सांगणार नाही. उसना पंप असा धुऊन परत करतात होय? चार दिवस त्यालाही संशयात राहू दे.